भिंगाने प्रतिमा कशी तयार होते

भिंग ही वस्तू खेड्यापाड्यांतील मुलांनाही अपरिचित नाही. आजोबांची चाळिशी, घड्याळजीच्या डोळ्यावर बसविलेले छोटे नळकांडे, जत्रेत मिळणारे मुठीचे भिंग, अशा रूपांनी ते घरोघर पोहोचलेले असते. भिंगातून अक्षर मोठे दिसते, हेही मुलांना ठाऊक असते. परंतु ते मोठे का दिसते, आणि तेच भिंग खिडकीसमोर धरले असता आतील भिंतीवर बाहेरच्या झाडाचे उलटे चित्र का उमटते, हे सांगण्याची वेळ आली म्हणजे पुष्कळदा फळ्यावर दोन-तीन किरणांची आकृती काढली जाते, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि पाठ संपतो. आकृती बरोबर असते. पण प्रतिमेचे मर्म मुलांच्या हाती लागलेच असेल, अशी खात्री देता येत नाही.

ते लागले आहे की नाही, याची एक साधी कसोटी आहे. भिंगाने भिंतीवर झाडाचे चित्र पाडावे आणि मुलांना विचारावे : “भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला, तर चित्राचे काय होईल?” बहुधा उत्तर येते, “अर्धे झाड नाहीसे होईल.” ही चूक केवळ लहान मुलांचीच नव्हे. अमेरिकेतील गोल्डबर्ग आणि मॅक्डरमॉट या अभ्यासकांनी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या यासंबंधीच्या कल्पना तपासून आपले निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध केले. त्या विद्यार्थ्यांपैकीही पुष्कळांनी असेच उत्तर दिले होते. वस्तुतः झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पूर्ण दिसत राहते. फक्त चित्राचा उजेड कमी होतो. असे का व्हावे, हे ज्याला समजले त्याला प्रतिमेचे सर्व शास्त्र समजले, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रकाश सर्व दिशांना जातो

कोणतीही वस्तू दिसते ती तिच्यापासून निघालेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून. दिव्याची ज्योत स्वतः प्रकाश देते; झाड, दगड, पुस्तक या वस्तू सूर्याचा वा दिव्याचा प्रकाश परतवितात. येथे महत्त्वाची गोष्ट ही की, वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश एकाच दिशेने न जाता सर्व दिशांना पसरतो. झाडाचे एकच पान वर्गातील चाळीस मुलांना चाळीस जागांवरून एकाच वेळी दिसते, याचे कारण हेच. अकराव्या शतकात कैरो येथे राहून प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या इब्न अल-हैथम या पंडिताने हा विचार स्पष्टपणे मांडला होता.

आता खिडकीसमोर नुसता कोरा कागद धरावा. त्यावर झाडाचे चित्र उमटत नाही. झाडाचा प्रकाश कागदावर पोहोचतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. तो भरपूर पोहोचतो. परंतु कागदाच्या प्रत्येक ठिपक्यावर शेंड्याचा, फांदीचा, बुंध्याचा आणि आकाशाचा असा सर्वच ठिकाणांचा प्रकाश एकत्र येऊन पडतो. सर्वांची सरमिसळ झाली की कागद केवळ उजळलेला दिसतो. चित्र उमटावयाचे असेल, तर शेंड्यापासून आलेला प्रकाश कागदाच्या एकाच जागी पडावा, बुंध्याचा दुसऱ्या एका जागी पडावा आणि एकाने दुसऱ्याच्या जागेत शिरू नये, अशी व्यवस्था झाली पाहिजे. भिंग ही व्यवस्था लावते.

काचेत प्रकाश का वळतो

हवेत प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. नेहमीच्या काचेत तो सुमारे २ लाख किलोमीटरपर्यंत उतरतो. किरण काचेवर तिरपा पडला म्हणजे वेगातील या फरकामुळे त्याची दिशा बदलते. यास प्रकाशाचे वक्रीभवन किंवा अपवर्तन म्हणतात. पाण्याने भरलेल्या पेल्यात तिरपी ठेवलेली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते, ती याच कारणाने. किरण पृष्ठभागावर सरळ लंबरूपाने पडला, तर मात्र तो न वळता पार होतो.

मध्यभागी जाड आणि कडेला पातळ अशा भिंगास बहिर्गोल भिंग म्हणतात. त्याची दोन्ही पृष्ठे मध्यापाशी एकमेकींस जवळजवळ समांतर असतात. कडेकडे जावे तसतशी ती एकमेकींकडे अधिकाधिक कललेली आढळतात. त्यामुळे मध्यातून जाणारा किरण जवळजवळ सरळ पार होतो आणि कडेजवळून जाणारा किरण आतील बाजूस अधिक वळतो. जो किरण मध्यापासून जितका दूर, तितके त्याचे वळणे अधिक, या प्रमाणामुळेच एका बिंदूपासून पसरत आलेले किरण भिंगापलीकडे पुन्हा एका बिंदूत मिळतात. गोलाकार पृष्ठाच्या भिंगात हे मीलन तंतोतंत होत नाही. परंतु भिंग पातळ असून वस्तू त्याच्या साधारण समोर असली, तर शाळेतील प्रयोगास ते पुरेसे असते.

अर्धे झाकलेले भिंग

वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाश शंकूच्या आकाराने पसरत जाऊन संपूर्ण भिंगावर पडतो. भिंग त्या सर्व किरणांना पलीकडील एका बिंदूत आणून सोडते. हा त्या वस्तुबिंदूचा प्रतिमाबिंदू होय. वस्तूच्या दुसऱ्या बिंदूचा प्रकाशही याच संपूर्ण भिंगातून जातो, पण त्याचा प्रतिमाबिंदू निराळ्या जागी पडतो. अशा असंख्य प्रतिमाबिंदूंची रास म्हणजेच प्रतिमा.

मुलांना हे वारीच्या उदाहरणाने पटविता येईल. अनेक गावांचे वारकरी एकाच रुंद खिंडीतून पुढे जात आहेत आणि पलीकडील माळावर प्रत्येक गावाला मुक्कामाची स्वतंत्र जागा नेमून दिलेली आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक गावचे लोक खिंडीच्या सर्व रुंदीत विखरून चालतात, पण पलीकडे गेल्यावर आपापल्या मुक्कामी एकत्र येतात. खिंडीची अर्धी वाट दगडांनी बंद झाली, तर प्रत्येक मुक्कामावर माणसे निम्मी येतील. मात्र कोणत्याही गावाचा मुक्काम ओस पडणार नाही. भिंग अर्धे झाकले असता नेमके हेच घडते. प्रत्येक प्रतिमाबिंदूला मिळणारा प्रकाश निम्मा होतो, पण वस्तूचा एकही बिंदू प्रतिमेतून वगळला जात नाही.

फळ्यावरील आकृतीबद्दलचा गैरसमजही यावरून दूर होतो. आकृतीत अक्षाला समांतर जाणारा, मध्यातून जाणारा आणि नाभीतून जाणारा असे दोन-तीनच किरण काढतात, कारण त्यांचा मार्ग आधीच सांगता येतो. दोन किरण जेथे छेदतात तेथे बाकीचे सर्व किरणही येणार, हे ठाऊक असल्यामुळे एवढ्यावर काम भागते. प्रतिमा त्या दोन-तीन किरणांचीच बनते, असे मात्र मुलांना वाटू देऊ नये. झाड भिंगाहून शेकडो पटींनी उंच असते. त्याच्या शेंड्यापासून अक्षाला समांतर काढलेली रेषा भिंगाला स्पर्शही करणार नाही. तरी झाडाची प्रतिमा पडतेच.

प्रतिमा उलटी का पडते, याचेही उत्तर येथेच मिळते. भिंगाच्या मध्यातून जाणारे किरण जवळजवळ सरळ जातात. शेंड्यापासून निघून मध्यातून गेलेला किरण पलीकडे खाली उतरतो आणि बुंध्यापासून निघालेला वर चढतो. हाच नियम डाव्या-उजव्या बाजूंनाही लागू आहे. म्हणून रस्त्याने जाणारी बैलगाडी भिंतीवरील चित्रात, चाके वर करून, प्रत्यक्षाच्या विरुद्ध दिशेने सरकताना दिसते. मुलांना या दृश्याचे मोठे कौतुक वाटते आणि एकदा पाहिलेले ते विसरत नाहीत.

वर्गात करावयाचा प्रयोग

या प्रयोगास एक मुठीचे भिंग, मेणबत्ती, पांढऱ्या कागदाचा पुठ्ठा आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. प्रथम भिंगाचे नाभीय अंतर काढावे. खिडकीसमोरच्या भिंतीपाशी भिंग धरून दूरच्या झाडाचे अथवा टेकडीचे चित्र भिंतीवर स्पष्ट होईपर्यंत भिंग मागेपुढे करावे. चित्र रेखीव झाले म्हणजे भिंग आणि भिंत यांमधील अंतर मोजावे. फार दूरच्या वस्तूपासून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात आणि ते नाभीच्या ठिकाणी मिळतात. म्हणून हे अंतर हेच नाभीय अंतर होय.

ते १० सेंटिमीटर आले, असे समजू. मग खोली थोडी अंधारी करून भिंगाची मूठ ओल्या मातीच्या गोळ्यात खोचावी. एका बाजूस मेणबत्ती आणि दुसऱ्या बाजूस पुठ्ठा ठेवावा. ज्योत, भिंगाचा मध्य आणि पुठ्ठ्याचा मध्य ही एका उंचीवर असावीत. मेणबत्तीची जागा बदलत जावे आणि प्रत्येक वेळी पुठ्ठा सरकवून प्रतिमा रेखीव करावी. साधारणपणे पुढीलप्रमाणे आढळेल :

मेणबत्ती भिंगापासून ६० सेंटिमीटरवर असता प्रतिमा १२ सेंटिमीटरवर पडते. तिची उंची ज्योतीच्या एक-पंचमांश असते.
मेणबत्ती ३० सेंटिमीटरवर असता प्रतिमा १५ सेंटिमीटरवर; उंची निम्मी.
मेणबत्ती २० सेंटिमीटरवर असता प्रतिमाही २० सेंटिमीटरवर; उंची ज्योतीएवढीच.
मेणबत्ती १५ सेंटिमीटरवर असता प्रतिमा ३० सेंटिमीटरवर; उंची दुप्पट.
मेणबत्ती १० सेंटिमीटरवर आणली असता पुठ्ठा कितीही दूर नेला तरी प्रतिमा मिळत नाही.

वस्तू भिंगाजवळ येते तसतशी प्रतिमा दूर जाते आणि मोठी होते, हे मुलांनी स्वतः मोजून सांगावे. वरच्या वर्गातील मुलांकडून पुढील नियम पडताळून घ्यावा : वस्तूच्या अंतराने १ ला भागून येणारी संख्या आणि प्रतिमेच्या अंतराने १ ला भागून येणारी संख्या यांची बेरीज, नाभीय अंतराने १ ला भागून येणाऱ्या संख्येइतकी असते. उदाहरणार्थ, १/३० अधिक १/१५ म्हणजे १/१०. तसेच प्रतिमेची उंची आणि वस्तूची उंची यांचे जे प्रमाण, तेच त्यांच्या अंतरांचे. मोजमापात काही मिलिमीटरांचा फरक पडल्यास मुलांनी आकडे फिरवून जुळवू नयेत; आढळले ते लिहावे.

यानंतर पुठ्ठ्यावर प्रतिमा असतानाच अर्धे भिंग झाकावे आणि आरंभी मुलांनी दिलेल्या उत्तराची परीक्षा त्यांच्याच डोळ्यांदेखत होऊ द्यावी. मग पुठ्ठा काढून घेऊन विचारावे, “आता प्रतिमा कोठे गेली?” ती कोठेच गेलेली नसते. किरण पूर्वीच्याच जागी मिळतात; तेथून ते अडविणारे व डोळ्याकडे वळविणारे काही नसते इतकेच. पुठ्ठ्याच्या जागेमागे सुमारे अर्धा मीटर सरकून भिंगाच्या दिशेने पाहिले, तर उलटी ज्योत भिंगाच्या अलीकडे हवेत तरंगताना दिसते. किरण प्रत्यक्ष एकत्र येऊन बनणाऱ्या अशा प्रतिमेस वास्तव प्रतिमा म्हणतात.

एक इशारा मात्र प्रयोगाआधीच द्यावयास हवा. भिंगातून सूर्याकडे कोणीही, क्षणभरही पाहू नये. जे भिंग उन्हात कागद पेटविते, ते डोळ्याला कायमची इजा करू शकते.

अक्षर मोठे दिसते ते कसे

वस्तू नाभीच्याही आत, समजा ५ सेंटिमीटरवर आणली, तर तिच्या बिंदूपासून निघालेले किरण इतके पसरट असतात की, भिंग त्यांना एकत्र आणू शकत नाही. त्यांचा पसरटपणा फक्त कमी होतो. डोळा या किरणांचा माग सरळ रेषेत मागे काढतो आणि ते १० सेंटिमीटरवरून येत आहेत, असे त्यास वाटते. तेथे दुप्पट उंचीची सुलटी प्रतिमा भासते. पडद्यावर ती घेता येत नाही, म्हणून तीस आभासी प्रतिमा म्हणतात. आजोबा वर्तमानपत्रावर भिंग धरतात, तेव्हा हीच प्रतिमा पाहतात.

मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असे अंतर्गोल भिंग किरणांना अधिकच फाकविते. त्यातून समोरची वस्तू नेहमी सुलटी, लहान आणि आभासी दिसते. वरवर निरुपयोगी वाटणारे हे भिंग पुष्कळ मुलांचे शिक्षण कसे सावरते, ते पुढे दिसून येईल.

डोळ्यातील भिंग

मनुष्याचा डोळा हेही प्रतिमा पाडणारे एक यंत्रच आहे. समोरचे पारदर्शक पारपटल आणि त्यामागील भिंग मिळून प्रकाश एकत्र करतात. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश काम एकटे पारपटल करते. पडद्याचे काम मागील दृष्टिपटल करते. योहान केप्लर या जर्मन ज्योतिषशास्त्रज्ञाने १६०४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, दृष्टिपटलावर बाहेरील जगाची उलटी प्रतिमा पडते, हे बिंदूला बिंदू जोडून सिद्ध केले. बालपणीच्या देवीच्या आजाराने केप्लरची स्वतःची दृष्टी अधू झालेली होती. चष्मे इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात होते. परंतु ते कशामुळे उपयोगी पडतात, याचा नीट उलगडा केप्लरच्या या विवेचनाने झाला. दृष्टिपटलावरील चित्र उलटे असूनही जग सुलटे दिसते, कारण मेंदू त्या चित्राचा अर्थ लावतो.

वरील प्रयोगात रेखीव प्रतिमेसाठी पुठ्ठा सरकवावा लागला. डोळ्यात दृष्टिपटल सरकविता येत नाही. म्हणून जवळचे पाहताना भिंगाभोवतीचे स्नायू त्याचा फुगीरपणा वाढू देतात आणि दूरचे पाहताना तो कमी होतो. वयपरत्वे भिंगाची ही लवचीकता घटते आणि चाळिशीच्या सुमारास जवळचे अक्षर लावणे कठीण होते. वाचनाच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ हे नाव पडले, ते यावरूनच.

फळ्यावरील ‘घ’ आणि ‘ध’

मोठ्या माणसाच्या नेत्रगोलाची पुढून मागे लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. ती प्रमाणापेक्षा अवघ्या १ मिलिमीटरने अधिक असली, तरी दूरच्या वस्तूचे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच मिळतात आणि तेथून पुन्हा पसरून पटलावर पडतात. सुमारे अडीच ते तीन नंबरचा दोष उत्पन्न होण्यास एवढा फरक पुरतो. अशा डोळ्याला ३३ ते ४० सेंटिमीटरपलीकडील काहीही रेखीव दिसत नाही. यास निकटदृष्टिता म्हणतात.

या मुलाच्या दृष्टिपटलावर फळ्यावरील प्रत्येक बिंदूचा एक लहानसा गोल डाग पडतो आणि शेजारशेजारचे डाग एकमेकांत मिसळतात. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांतील बारीक भेद पुसला जातो. मूल फळ्यावरून ‘धन’ऐवजी ‘घन’ उतरवून घेते, गणितातील आकडा चुकवते, शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. पण हातातील पुस्तक मात्र बिनचूक वाचते. ते निष्काळजी आहे, असा समज होण्यास एवढे पुरे होते. आपल्याला कमी दिसते, हे मूल स्वतः सांगू शकत नाही, कारण सर्वांना असेच दिसते अशी त्याची समजूत असते.

असे मूल फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करते, त्यालाही कारण आहे. बाहुलीचा काही भाग झाकला गेला की किरणांचा शंकू अरुंद होतो आणि पटलावरील डाग लहान पडतो. भिंग अर्धे झाकले तरी प्रतिमा पूर्ण राहते, हा नियम येथे मुलाच्या उपयोगी पडतो. प्रकाश थोडा कमी होतो, पण अक्षर पूर्ण आणि काहीसे स्पष्ट दिसते. हीच गोष्ट पुठ्ठ्याला सुमारे १ मिलिमीटरचे छिद्र पाडून तपासता येते. एक डोळा झाकून दुसऱ्याने छिद्रातून फळा पाहताच अक्षरे स्पष्ट होत असतील, तर दोष प्रकाश एकत्र करण्याच्या क्रियेत आहे आणि तो चष्म्याने दूर होण्याजोगा आहे, असा संभव फार असतो. निदान व नंबर ठरविणे हे मात्र नेत्रतपासनिसाचेच काम. शिक्षकाने पालकांना सांगून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे, किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्याचे नाव आवर्जून पुढे करावे.

येथे अंतर्गोल भिंगाचा उपयोग होतो. डोळ्यात शिरण्यापूर्वीच ते किरणांना थोडे फाकविते. त्यामुळे त्यांचे मीलन मागे सरकून नेमके दृष्टिपटलावर होते. चष्म्याचा नंबर म्हणजे १ ला मीटरमधील नाभीय अंतराने भागून आलेली संख्या होय. अंतर्गोल भिंगास ती उणे धरतात. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, किंवा मुलीला चष्मा लागल्यास तिच्यात काही उणेपण येते, अशा समजुती काही पालकांत आढळतात. त्यांचे निरसन पालक-सभेत प्रत्यक्ष भिंग हाती घेऊन करता येईल.

भिंगाचा पाठ शिकविताना प्रत्येक शिक्षकाने शेवटी आपल्या वर्गावरून एकदा नजर फिरवावी. कोण डोळे बारीक करून पाहत आहे, कोण वहीवर फार वाकले आहे, कोण फळ्याजवळ येऊन बसण्याची धडपड करीत आहे, हे टिपून घ्यावे. पुठ्ठ्यावरची ज्योत रेखीव करण्यासाठी जो प्रयत्न मुलांनी केला, तोच त्यांच्यापैकी एखाद्याच्या डोळ्यासाठी करावयाचा राहून गेलेला असण्याचा संभव आहे. त्या एका मुलाला फळ्यावरील ‘ध’ हा ‘ध’ म्हणून दिसू लागला, तर पाठाचे सार्थक झाले असे समजावे.